हजार वॉटचा सब, पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी

गाडीत सब, म्हणजे फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर (सबवूफर), बसवायला घेतला की अ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) खोक्यावर ठळक अक्षरांत जे वॉट छापलेले असतात ते आम्ही वाचतच नाही. अ‍ॅम्प आडवा धरायचा आणि कडेला खोचलेले फ्यूज मोजायचे, पारख तिथेच होते. समजा तीस-तीसचे दोन फ्यूज आहेत, म्हणजे ६० अँपिअर. गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट धरा, क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या) अ‍ॅम्पची कार्यक्षमता फार तर ८० टक्के धरा. ६० गुणिले १३.८ गुणिले ०.८, म्हणजे साधारण ६६० वॉट. खोक्यावर ३००० लिहिलेलं असो की ५०००, त्या अ‍ॅम्पमधून सलग ६६० वॉटच्या वर काही निघणार नाही. जास्त ओढायला गेलात तर आधी फ्यूज उडेल.

इथे जे काम सांगतोय त्यातल्या मोनोब्लॉक (एकाच चॅनेलच्या) अ‍ॅम्पला चाळीसचे तीन फ्यूज होते. हिशोब १३२५ वॉटपर्यंत जातो, आणि माहितीपत्रकात १ ओहमला १००० वॉट आरएमएस (सलग देता येणारे) लिहिलेले होते. हे पटण्यासारखं आहे. त्याला जोडायचा सब १२ इंची, दोन कॉइलचा (कॉइल म्हणजे स्पीकरचा शंकू हलवणारं तारेचं वेटोळं), प्रत्येक कॉइल २ ओहमची. गाडी पेट्रोल हॅचबॅक, कंपनीचीच टचस्क्रीन, बोनेटखाली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी. डिकीत सीएनजीची टाकी नाही, हे आधी विचारून घ्यायचं. टाकी असेल तर एवढ्या मोठ्या बॉक्सचा विषयच सोडून द्यावा आणि सीटखाली मावणाऱ्या छोट्या सबवर यावं.

आता बॅटरीकडून बघू. १००० वॉट आवाजासाठी अ‍ॅम्पला १२५० वॉट आत घ्यावे लागतात. भागिले १३.८, म्हणजे ९० अँपिअर. हा ठोक्याच्या क्षणाचा आकडा आहे. गाण्यात बेस सतत नसतो, त्यामुळे सरासरी ढोबळमानाने एक तृतीयांश धरतात, म्हणजे ३० अँपिअर. छोट्या पेट्रोल गाड्यांचे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारे) साधारण ७० ते ९० अँपिअरचे असतात, आणि पावसाळी रात्री हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा मिळून त्यातले तीस-चाळीस खाऊन टाकतात. हायवेवर हे गणित जेमतेम जमतं. सिग्नलला गाडी उभी राहिली की जमत नाही, कारण आयडलिंगला अल्टरनेटर त्याच्या छापील आकड्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. बाकीचं बॅटरीतून जातं. ठोक्याला हेडलाइट मिचमिचतात ते यामुळेच.

इथे दुकानदार कपॅसिटर पुढे करतो. एक फॅरडचा, निळ्या आकड्यांचा डिस्प्ले असलेला, दिसायला देखणा. त्याचा हिशोब एकदा करून बघावा. १४.४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत एक फॅरडचा कपॅसिटर साधारण ३२ जूल ऊर्जा देतो. आपली मागणी सेकंदाला १२५० जूल. म्हणजे पाव दशांश सेकंद, चाळिसाव्या भागाइतका क्षण. ढोलाचा एक ठोकासुद्धा त्याहून लांब असतो. तेच पैसे जाड केबल आणि बऱ्या बॅटरीवर घालावेत. आम्ही या कामात ३५ ची बॅटरी काढून ट्रेमध्ये मावेल तेवढी मोठी, ४५ ची बसवली. ट्रेची लांबी-रुंदी आणि टर्मिनल कोणत्या बाजूला येतात हे दुकानात जाण्याआधी मोजून घ्यायचं. प्लस टर्मिनल उलट्या बाजूला आलं तर कंपनीची वायर पुरत नाही. डिकीत दुसरी बॅटरी टाकायचीच असेल तर ती एजीएम (सीलबंद, अ‍ॅसिड न सांडणारी) असावी. साध्या पाण्याच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि तो सरळ केबिनमध्ये येतो.

नव्या गाड्यांत आणखी एक मेख आहे. पेट्रोल वाचवायला ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) अल्टरनेटर मागेपुढे करतो. बॅटरी भरलेली दिसली की व्होल्टेज १४ वरून साडेबाराच्या आसपास उतरतं, ब्रेक मारला की पुन्हा चढतं. अशा गाडीत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. अ‍ॅम्पची मायनस वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर नेली तर तो करंट सेन्सरला वळसा घालून जातो आणि ईसीयूचा हिशोब चुकतो. मग बॅटरी अर्धी रिकामी असतानाही गाडीला ती भरलेली वाटते. म्हणून मायनस नेहमी बॉडीला, सेन्सरच्या पलीकडेच.

केबल. तयार किटमध्ये ‘४ गेज’ म्हणून जी लालभडक, बोटाएवढी जाड केबल येते, ती कापून बघा. तांब्याचा रंग फक्त वरून असतो, तारेच्या टोकाला आतून पांढरं अॅल्युमिनिअम दिसतं. हातात घेतल्यावर हलकी लागते. अशी केबल त्याच जाडीच्या तांब्याच्या मानाने दीडपट रोध करते. उलटा प्रकारही असतो: कल्हई केलेलं तांबं वरून पांढरं आणि आतून तांबूस. ते चांगलं, किनारपट्टीवर तर जास्तच चांगलं. आम्ही खरी तांब्याची ३५ चौरस मिलिमीटरची केबल वापरली. बॅटरीपासून डिकीपर्यंत आतल्या वळणांसकट पाच मीटर लागली. तिचा रोध होतो अडीच मिलिओहम, ९० अँपिअरला घट ०.२२ व्होल्ट. तीच लांबी २१ चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे खऱ्या ४ गेजच्या, अॅल्युमिनिअमवाल्या केबलने केली असती तर घट ०.६ व्होल्टच्या आसपास गेली असती. कार ऑडिओच्या दुकानात तांब्याची महाग पडते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा कुठल्याही गावात इलेक्ट्रिकच्या घाऊक दुकानात वेल्डिंग केबल मीटरवर मिळते. बारीक तारांची असल्याने वळते छान. मात्र तिचं रबर ऑइल आणि उष्णता किती सोसतं ते प्रत्येक केबलचं वेगळं असतं, म्हणून बोनेटखालच्या भागात तिच्यावर नालीदार स्लीव्ह चढवायचीच.

टोकांना तांब्याचे लग (बोल्टसाठी भोक असलेली टोपणं), ३५ चौरस मिलिमीटरचे, ८ मिमी भोकाचे. हे हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीननेच दाबायचे. हातोडीने चेपलेला लग वरून पक्का वाटतो, आत तारा सुट्या राहतात, सहा महिन्यांत काळ्या पडतात. मशीन भाड्याने मिळतं, नाहीतर पॅनल बनवणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे केबल नेऊन दोन मिनिटांत दाबून आणावी. लगावर गोंदवाली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी).

मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नाही, केबलसाठी आहे. गाडी ठोकली, केबल पत्र्यात चिमटली, तर फ्यूजच्या पुढचा भाग मरेल; बॅटरी ते फ्यूज हा तुकडा मात्र उघडाच राहतो. तो जेवढा आखूड तेवढं बरं. आम्ही १२५ अँपिअरचा एएनएल (बोल्टने आवळायचा चपटा) फ्यूज घातला. बसवताना तो खिशात ठेवायचा, होल्डर रिकामा, आणि सगळं जोडून झाल्यावर शेवटी लावायचा. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढून दहा मिनिटं थांबायचं, कारण आतून जाताना एअरबॅगच्या वायरिंगच्या शेजारून जावं लागतं. पिवळी स्लीव्ह किंवा पिवळा कपलर दिसला की हात लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर अजिबात नाही.

फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) नवीन भोक पाडायची गरज बहुतेक गाड्यांत पडत नाही. कंपनीचं हार्नेस (वायरींचा जुडगा) जिथून आत येतं तिथे मोठा रबरी ग्रोमेट असतो, त्याला बाजूला एक बंद बोंडी असते. ती कापायची, बाइकची जुनी क्लच वायर आतून बाहेर काढायची, तिला केबलचं टोक इन्सुलेशन टेपने गुंडाळायचं, साबणाचं पाणी लावायचं आणि ओढायचं. नंतर ग्रोमेटभोवती सीलंट. हे विसरलं तर पहिल्या पावसात डाव्या पायाखालचं कार्पेट ओलं होतं, आणि उंदरालाही दार उघडं मिळतं.

पॉवर केबल बॅटरी ज्या बाजूला त्या बाजूच्या सिलमधून (दाराच्या उंबऱ्यातून), आणि आवाजाच्या तारा विरुद्ध बाजूच्या सिलमधून न्यायच्या. दोन्ही एकत्र बांधून नेल्या की इंजिनचा आवाज स्पीकरमध्ये येतो. सिलची पट्टी बसवताना क्लिपखाली केबल दाबली जात नाही ना हे बोटाने चाचपायचं. पट्टी जबरदस्तीने बसवावी लागत असेल तर केबल चुकीच्या जागी आहे.

आता अर्थिंग. तक्रारी घेऊन येणाऱ्या गाड्यांत सर्वाधिक वेळा दोष इथेच सापडतो, म्हणून जरा थांबू. मायनसची केबल प्लसच्याच जाडीची, लांबी अर्ध्या मीटरच्या आत. जागा बॉडीच्या मूळ पत्र्यावर. वरून स्पॉट वेल्ड केलेल्या पातळ पट्टीवर नाही, आणि सीटबेल्टच्या बोल्टवर तर कधीच नाही. त्या बोल्टचं घट्टपण ठरवून दिलेलं असतं, त्याखाली लग घुसवून ते बिघडवायचं नाही. आम्ही डिकीच्या बाजूच्या जाड पत्र्यात भोक पाडून ८ मिमीचा बोल्ट टाकतो. ड्रिल लावायच्या आधी गाडीखाली झोपून बघायचं. पुष्कळ हॅचबॅकमध्ये पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, ब्रेकचे पाइप त्याच वाटेने जातात. भोकाभोवती लगाच्या आकाराएवढा रंग घासून पत्रा चकचकीत करायचा, रंगाखालचा प्रायमरही काढायचा, तो वीज नेत नाही. दातेरी वॉशर, लग, नट. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन आणि मग रंगाचा हात, म्हणजे गंज धरत नाही. रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत हे केलं नाही तर वर्षभरात तिथे लाल भुकटी जमते.

हे अर्थिंग बरोबर आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. सगळं जोडल्यावर जोरात बेस वाजवत मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक अ‍ॅम्पच्या मायनस टर्मिनलला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लांब वायरने. दाखवतो तो आकडा म्हणजे वाटेत हरवलेलं व्होल्टेज. ०.१ ते ०.२ ठीक. अर्धा व्होल्ट असेल तर ९० अँपिअरला त्या वाटेत ४५ वॉट उष्णता होतेय. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, यावरून तो बोल्ट किती तापेल याचा अंदाज करावा. याच मापात पुढचा दोषही सापडतो: बॉडीतून येणारा करंट शेवटी बॅटरीच्या मायनसपर्यंत कंपनीच्या बारीक वायरनेच जातो. म्हणून बोनेटखालच्या तीन वायरींना जोडीला जाड वायर घालतात: अल्टरनेटरच्या प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत, बॅटरीच्या मायनसपासून (वर सांगितलेला सेन्सर असेल तर त्याच्या पलीकडून) बॉडीपर्यंत आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत. कंपनीची वायर काढायची नाही, तिच्या सोबत घालायची. पहिल्या वायरला फ्यूज हवाच. तिसऱ्या वायरला थोडा झोल ठेवायचा, इंजिन हलतं.

बॉक्स हे यातलं अर्धं काम. सब तोच, अ‍ॅम्प तोच, बॉक्स बदलला की आवाज ओळखू येत नाही. दोन वाटा आहेत. बंद बॉक्स ३० ते ३५ लिटरचा, छोटा, बनवायला सोपा, चूक पोटात घालणारा. हॅचबॅकची केबिन लहान असल्याने ६० हर्ट्झच्या खाली आवाज आपोआप उचलला जातो, त्यामुळे बंद बॉक्ससुद्धा खोल उतरतो. ज्याला डिकी वापरायची आहे त्याला आम्ही हाच सुचवतो. पण छातीत दणका हवा असेल तर पोर्टवाला (हवा आत-बाहेर जायला वाट ठेवलेला), आणि या कामात तोच होता.

मापं देतो. आतून ६० × ३३ × ३८ सेंटिमीटर, म्हणजे ७५ लिटर. हे सगळे सबच्या वाट्याला येत नाहीत. पोर्टची हवा १० लिटर, पोर्टच्या फळ्या सव्वातीन, सबचा पाठीमागचा भाग साडेतीन, आतला आधार एक. उरतात ५७. पोर्ट ३३ सेंमी उंच आणि ५ सेंमी रुंद अशी उभी फट, लांबी ६५ सेंमी, त्याने बॉक्स ३४ हर्ट्झच्या सुराला लागतो. ३८ सेंमी खोलीत ६५ सरळ बसणार नाही, म्हणून बाजूने आत जाऊन पाठीशी वळवायचा. पहिली फळी ३३ सेंमी, वळणापाशी ५ सेंमी मोकळे, वळणानंतर साधारण २३. पुढची बाजू दुहेरी फळीची, ३६ मिमी, तीही पोर्टच्या लांबीत धरलेली आहे.

ड्रेनेजचा पांढरा चार इंची पाइप कापून पोर्ट करायचा मोह सगळ्यांना होतो. त्याचा छेद या फटीच्या निम्मा पडतो, हजार वॉटला त्यातून हवा फुसफुसते आणि ती फुसफूस गाण्याच्या वर ऐकू येते. १६० मिमीचा पाइप घेतला तर छेद पुरतो, पण लांबी सत्तर सेंटिमीटरवर जाते. मोठं तोंड केलं की पोर्ट लांबवावाच लागतो, ही यातली खोच आहे, आणि तोंड मोठं करून लांबी तेवढीच ठेवणारे सुतार पुष्कळ आहेत. मग बॉक्स ४५-५० हर्ट्झला लागतो, एकाच सुरात घुमतो, प्रत्येक गाणं सारखंच वाटतं.

फळी १८ मिमी एमडीएफ. आठ बाय चारचा अर्धा तुकडा पुरत नाही, पूर्ण घ्यावा लागतो. कापायला पॅनल-सॉ असलेल्या दुकानात द्यायची आणि करवतीच्या पात्याचे ३ मिमी हिशोबात धरायला सांगायचे. डिकीत पाणी येण्याची शक्यता असेल तर एमडीएफऐवजी वॉटरप्रूफ प्लाय, कारण एमडीएफ भिजला की बिस्किटासारखा फुगतो. सांध्यांना फेविकॉल भरपूर, दर दहा-बारा सेंटिमीटरवर दोन इंची स्क्रू, प्रत्येकाला आधी बारीक ड्रिल. एमडीएफच्या कडेत ड्रिलशिवाय स्क्रू घातला की ती उभी फाटते. आतून सगळ्या सांध्यांवर सीलंटची ओळ. सिलिकॉन वापरला आणि त्याला व्हिनेगरचा वास येत असेल तर निदान एक दिवस बॉक्स उघडा ठेवायचा, ती वाफ सबच्या गोंदाला चांगली नाही. सब बसवायला लाकडी स्क्रू नकोत, टी-नट (फळीत मागून ठोकायचे दातेरी नट) आणि बोल्ट. सबच्या कडेखाली फोमची पट्टी. बॉक्स कार्पेट लावून, सबसकट, तीस-पस्तीस किलोच्या घरात जातो. एवढं वजन डिकीत मोकळं ठेवून अर्जंट ब्रेक मारला तर मागच्या सीटची पाठ त्याला अडवेलच असं नाही. लोखंडी अँगलने किंवा रॅचेट पट्ट्याने जखडणं ऐच्छिक नाही.

अ‍ॅम्प बॉक्सवर ठोकू नये. तिथली थरथर आतल्या सोल्डरिंगला भेगा पाडते. सीटच्या पाठीमागे फळी लावून तिच्यावर, चहूबाजूंनी पाच सेंटिमीटर हवा ठेवून बसवावा. पार्सल ट्रेखाली उलटा टांगला तर गरम हवा त्याच्याच पोटात अडकते आणि मे महिन्यात नागपूरला दुपारी तो अर्ध्या तासात बंद पडतो.

कॉइल. २ ओहमच्या दोन समांतर जोडल्या की १ ओहम, एकामागे एक जोडल्या की ४. या अ‍ॅम्पला १ हवा. जोडून झाल्यावर, अ‍ॅम्पला लावण्याआधी, मल्टिमीटरने बघायचं. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.२-०.३ दाखवतो, तेवढे वजा करायचे. उरलेलं ०.७ ते ०.९ असेल तर बरोबर, कारण डीसी रोध छापील आकड्याहून थोडा कमीच असतो. साडेतीनच्या आसपास दिसलं तर चुकून सिरीजमध्ये जोडलंय. एका कॉइलचा प्लस-मायनस उलटा झाला तर मीटरला कळत नाही, पण दोन्ही कॉइल एकमेकींविरुद्ध ओढतात, शंकू जेमतेम हलतो आणि कॉइल तापत राहते. म्हणून तारांना रंगीत टेप.

सिग्नलसाठी कंपनीच्या टचस्क्रीनला मागे सहसा आरसीएचे खड्डे (सिग्नलची तार खोचायच्या जागा) नसतात. मागच्या दरवाजाच्या स्पीकरच्या तारांवरून घ्यायचं, कन्व्हर्टरमधून (स्पीकरचा सिग्नल आरसीएजोगा करणारी डबी) किंवा अ‍ॅम्पला हाय-लेव्हल इनपुट असेल तर थेट. गाडीची वायर कापायची नाही, मधे बसणारे कपलर मिळतात, वॉरंटीचा वाद टळतो. रिमोटची वायर (अ‍ॅम्पला चालू-बंदचा इशारा देणारी) अॅक्सेसरी फ्यूजवरून. कायम चालू लाइनवर जोडली तर अ‍ॅम्प रात्रभर जागा राहतो आणि दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सकाळी ढकलगाडी.

कंपनीची युनिट्स मोठ्या आवाजाला बेस गुपचूप कापतात. कुठे कापतात हे शोधायचं तर ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावून स्पीकरच्या तारेवर एसी व्होल्ट मोजत एकेक पायरी आवाज वाढवत जायचा. प्रत्येक पायरीला आकडा चढतो, एका जागी चढायचा थांबतो. तिथून दोन पायऱ्या खाली या, हीच आपली कमाल. त्याच्या वर जायचं नाही हे गाडीमालकाला दाखवून सांगायचं.

आता गेन. हे आवाजाचं बटण नाही. अ‍ॅम्पचा आणि टचस्क्रीनचा मेळ घालणारी ती चावी आहे. सबची तार काढून ठेवायची, इक्वलायझर सपाट, बेस बूस्ट शून्य, गेन पूर्ण खाली, इंजिन चालू. वर सापडलेल्या पायरीवर ५० हर्ट्झचा टोन. अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट. किती हवेत? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. १००० गुणिले १ चं वर्गमूळ ३१.६. आम्ही २८ वर थांबलो, म्हणजे ७८४ वॉट. लोड नसताना मिळणारं व्होल्टेज लोड पडल्यावर तसंच राहत नाही, शिवाय गाडीचं व्होल्टेज झुकतं, तेव्हा ही जागा सोडलेली बरी. कानाला १००० आणि ७८४ मधला फरक जवळपास एक डेसिबल, कळतसुद्धा नाही. मल्टिमीटरला लाट फाटलेली दिसत नाही, ऑसिलोस्कोप (लाटेचा आकार दाखवणारं यंत्र) असेल तर सोन्याहून पिवळं.

मग त्या बेस बूस्टच्या खुंटीला टेप मारून टाकायची. तीन डेसिबलला वॉट दुप्पट, सहाला चौपट, बारा डेसिबलला सोळापट. ४५ हर्ट्झला १२ डेसिबल बूस्ट म्हणजे अ‍ॅम्पकडे त्याच्याजवळ नसलेली ताकद मागणं. लाटेची डोकी छाटली जातात, कॉइल तापते, आधी जळक्या वार्निशचा वास येतो. वास आला की ताबडतोब बंद. दुसऱ्यांदा वास येईपर्यंत कॉइल राहत नाही.

लो-पास (वरचे सूर अडवणारी चाळणी) ८० हर्ट्झ. सबसोनिक (फार खालचे सूर अडवणारी) २७ हर्ट्झ, आणि पोर्टवाल्या बॉक्सला ही चाळणी लागतेच: ३४ च्या खाली पोर्ट उघड्या खिडकीसारखा होतो, शंकूला मागून हवेचा आधार राहत नाही आणि तो मर्यादेबाहेर उड्या मारतो. दरवाजाच्या स्पीकरांना वेगळा अ‍ॅम्प असेल तर हाय-पास (खालचे सूर अडवणारी चाळणी) तिथेच, ८० च्या आसपास. फेजचं (शंकूच्या हालचालीची दिशा उलटवणारं) बटण ० आणि १८० दोन्हीकडे करून ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐकायचं, जिथे बेस भरीव लागतो ते ठेवायचं. दुसरा कुठला नियम नाही. इथे एक गैरसमज नेहमी निघतो: हलगीचा कडकडाट आणि संबळाची टिपेची बाजू सबमधून येत नाही, ती दरवाजातून येते. हलगी बोथट वाटली म्हणून गेन वाढवला तर ढोल अंगावर येतो आणि हलगी आणखीनच बुडते.

शेवटी खडखड. २० ते १०० हर्ट्झचा चढता टोन लावून एकजण आत, एकजण गाडीभोवती तळहात फिरवत. सर्वात आधी नंबर प्लेट वाजते, तिच्यामागे फोमची पट्टी. मग डिकीच्या दाराचं आतलं प्लास्टिक, मग पार्सल ट्रे, मग छताचा मागचा पत्रा. ब्युटाइलचे २ मिमीचे शीट पत्रा स्पिरिटने पुसून रोलरने दाबून बसवायचे, त्यावरची चंदेरी नक्षी सपाट होईपर्यंत. डांबराचे स्वस्त शीट उन्हात वितळतात आणि गाडीभर वास पसरतो. सेडान असेल तर डिकी केबिनपासून बंद असते, बेस आत येण्याऐवजी डिकीचं झाकणच थरथरवतो. तिथे मागच्या सीटच्या आर्मरेस्टची खिडकी उघडी मिळाली तरच हा बॉक्स घालण्यात अर्थ.

काही दोष झटपट ओळखता येतात. ठोक्यावर अ‍ॅम्प क्षणभर बंद होऊन पुन्हा चालू होतो: अर्थिंग, नाहीतर व्होल्टेज. अ‍ॅम्पचा लाल दिवा कायम: सबची तार काढा, दिवा गेला तर तारेचा एखादा केस दुसऱ्या टर्मिनलला टेकलाय किंवा कॉइल गेली, दिवा राहिला तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा पुरवठ्यात. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी: अ‍ॅम्पची आरसीए काढा, शिट्टी थांबली तर दोष मागे, कन्व्हर्टरच्या अर्थमध्ये किंवा तारांच्या वाटेत. फ्यूज होल्डर हाताला गरम: नट सैल. फ्यूज मोठा घालून हा प्रश्न सुटत नाही, गाडी पेटते.

इंजिन बंद करून वाजवायचं असेल तर ३० अँपिअर सरासरीने ४५ ची बॅटरी कागदावर दीड तास चालते, प्रत्यक्षात बरीच कमी, कारण तिचा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याचा असतो. १२.२ व्होल्टला ती निम्मी झालेली असते, तिथे थांबावं. आणि रस्त्यावर वाजवण्याबद्दल: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहेत. मोजणी ए-वेटिंगने होते, त्यात ५० हर्ट्झचा आवाज तीस डेसिबलने कमी धरला जातो. मीटर शांत दिसला म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची तावदानं थरथरायची थांबत नाहीत.

दोन आठवड्यांनी गाडी परत बोलवायची. अर्थिंगचा नट, फ्यूज होल्डरचे दोन्ही नट, अ‍ॅम्पच्या टर्मिनलचे स्क्रू, सबचे बोल्ट. नव्या तांब्याच्या तारा दाबाखाली बसतात, त्यामुळे यातले एक-दोन पाव फेरा घेतातच. त्यानंतर पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी स्टेपनीचं झाकण उचलून खाली हात फिरवायचा.